सर्व्हर सुरू होताना गुपित कोणत्या वाटेने न्यावे?

समजा, एकाच डिस्क-इमेजवरून, म्हणजे डिस्कच्या तयार नकलेवरून, पन्नास व्हर्च्युअल मशीन (एका यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे संगणक) उभी करायची आहेत. आतली लिनक्स प्रणाली सगळीकडे तीच, पण प्रत्येक मशीनचे नाव वेगळे आणि डेटाबेसचा पासवर्डही वेगळा. हे पासवर्ड इमेजमध्येच लिहून ठेवले, तर इमेजची एक प्रत ज्याच्या हाती लागेल त्याला पन्नासही दारे उघडी होतात. बाहेर ठेवले, तर मशीन जागे होत असताना ते आत पोहोचवायचे कसे, हा प्रश्न उरतो. त्या वेळी नेटवर्क बहुधा सुरूही झालेले नसते. आणि नेटवर्कवरून गुपित मागायचे म्हटले, तरी मागणारा खरा आहे हे पटवायला आणखी एक गुपित लागतेच.

आजवरची रुळलेली वाट म्हणजे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल, प्रोग्राम सुरू होताना त्याला सोबत दिलेली नाव-मूल्य अशी जोडी. ती सोपी आहे, पण गुपितासाठी मुळीच योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम सुरू केला, की ही व्हेरिएबल आपोआप त्याच्याकडे जातात, मग त्याला त्यांची गरज असो वा नसो. शिवाय लिनक्समध्ये सेवा, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम, सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टमडी या व्यवस्थेच्या सेवा-फाइलमध्ये ‘एन्व्हायरन्मेंट’ या ओळीत लिहिलेला पासवर्ड त्या सर्व्हरवर लॉगिन करू शकणारा कोणताही साधा वापरकर्ता एका आज्ञेने पाहू शकतो. मी एकदा एका कोसळलेल्या सेवेचा त्रुटी-अहवाल वाचत होतो. प्रोग्रामने बंद पडता पडता आपली सगळी व्हेरिएबल त्यात उतरवून ठेवली होती आणि डेटाबेसचा पासवर्ड जसाच्या तसा समोर होता. तो अहवाल तोवर अनेकांच्या मेलबॉक्समध्ये पोहोचला होता. त्यात कुणी आत घुसखोरी केली नव्हती. गुपित चुकीच्या पिशवीत ठेवले होते, एवढेच. कर्नल कमांड लाइनची गतही तीच, कारण बूट होताना कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिलेली ती ओळ नंतर यंत्रावरच्या कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येते.

या अडचणींवर सिस्टमडीने २०२० साली, २४७व्या आवृत्तीत, ‘क्रेडेन्शियल’ नावाची सोय आणली. तिच्यामागचा विचार साधा आहे: गुपित म्हणजे एक छोटी फाइल, आणि ती ज्या सेवेसाठी आहे तिलाच दिसावी. सेवा सुरू होताना सिस्टमडी मेमरीत एक स्वतंत्र फोल्डर तयार करते, त्यात ती फाइल ठेवते आणि त्या फोल्डराचा पत्ता, फक्त पत्ता, एन्व्हायरन्मेंटमधून सेवेला कळवते. फोल्डर केवळ वाचण्यापुरते असते आणि त्यातला मजकूर स्वॅपमधून (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) डिस्कवर उतरत नाही. सेवेच्या उपप्रोग्रामला पत्ता मिळाला, तरी फाइल वाचण्याचा अधिकार असल्याशिवाय त्याचा उपयोग नसतो. सेवा थांबली की फोल्डरही नाहीसे होते. एका सेवेला मिळून एक मेबिबाइटची मर्यादा आहे. पासवर्ड, प्रमाणपत्रे आणि खासगी किल्ल्या यांना ती भरपूर पुरते.

पण ही फाइल सेवेपर्यंत पोहोचण्याआधी डिस्कवर कुठेतरी पडून असणारच. तिथे ती उघडी असेल, तर घराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवण्यासारखे झाले. म्हणून २०२१च्या अखेरीस आलेल्या २५०व्या आवृत्तीत कूटबद्ध क्रेडेन्शियल आले. मजकूर एईएस-२५६ पद्धतीने कूटबद्ध होतो आणि त्याची किल्ली यंत्रातल्या टीपीएम या सुरक्षा-चिपशी, डिस्कवर जपलेल्या एका गुप्त फाइलशी किंवा दोहोंशी बांधता येते. टीपीएमशी बांधलेली फाइल दुसऱ्या यंत्रावर उचलून नेली, तर तिथे उघडत नाही. यंत्र कसे बूट झाले याच्या नोंदी टीपीएम आपल्या रजिस्टरमध्ये ठेवते. सिक्युअर बूटची (फक्त सही तपासलेले सॉफ्टवेअरच बूट होऊ देणाऱ्या सोयीची) स्थिती बदललेली असेल, तर किल्ली द्यायचीच नाही, अशी अटही त्या नोंदींच्या आधारे घालता येते. मला यातली आणखी एक गोष्ट विशेष आवडते: क्रेडेन्शियलचे नावही कूटबद्ध मजकुरात बांधलेले असते, त्यामुळे एका कामासाठी दिलेली फाइल नाव बदलून दुसऱ्या कामासाठी खपवता येत नाही.

मात्र टीपीएमकडून नको ती अपेक्षा करू नये. चोरीला गेलेल्या डिस्कपासून ती वाचवते. चालू यंत्रावर रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार मिळवलेल्या हल्लेखोरापासून वाचवत नाही, कारण त्या क्षणी गुपित सेवेच्या मेमरीत उघडेच असते. आणि मदरबोर्ड बदलला तर आपलेच गुपित आपल्याला उघडता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळ्या, सुरक्षित जागी असलीच पाहिजे.

आता त्या पन्नास मशीनकडे वळू. २०२२च्या २५२व्या आवृत्तीपासून क्यूईएमयूसारखा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम क्रेडेन्शियल थेट आत देऊ शकतो. यंत्राचा निर्माता आणि अनुक्रमांक ज्या तक्त्यात असतात, त्या एसएमबायओएसच्या तक्त्यात तो एक ओळ घालतो आणि आतली सिस्टमडी जागी होताच ती उचलून घेते. ना नेटवर्क लागते, ना इमेजला हात लावावा लागतो. रूटचा हॅश केलेला पासवर्ड, एसएसएचची (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीची) अधिकृत सार्वजनिक किल्ली, टाइमझोन यांसाठी ठरलेली नावे आहेत, म्हणजे गुपितांबरोबर साधे कॉन्फिगरेशनही याच वाटेने जाते. प्रत्यक्ष यंत्रावर बूट विभाजनात, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या फाइल असलेल्या डिस्कच्या भागात, फाइल ठेवण्याची सोय आहे. त्या विभाजनाच्या फाइल-प्रणालीत मालकी आणि परवानग्या नसतात, त्यामुळे डिस्क हाती असलेला कुणीही तिथे वाचू किंवा लिहू शकतो. म्हणूनच तिथून आलेली फाइल कूटबद्ध आहे असे धरून सिस्टमडी तिची सत्यता तपासते आणि मगच वापरते.

क्लाउडमध्ये एक वेगळाच प्रश्न येतो. ज्या मशीनची मेमरी क्लाउड चालवणाऱ्यालाही वाचता येऊ नये म्हणून प्रोसेसरच कूटबद्ध ठेवतो, तिथे बाहेरून एसएमबायओएसमार्गे आलेल्या ओळीवर विश्वास कसा ठेवायचा? ती ओळ लिहिणारा तोच, ज्याच्यापासून मशीनला वाचवायचे आहे. त्याने आपली एसएसएच किल्ली त्यातून आत सरकवली, तर मेमरी कूटबद्ध करून काहीच हाती लागत नाही. अशा मशीनवर आपण आहोत हे ओळखले, की सिस्टमडी त्या वाटेने आलेली क्रेडेन्शियल स्वीकारतच नाही.