पार्श्वभूमी : चीनला मिळालेली कायम सवलत आणि अमेरिकेतले कारखान्यांचे रोजगार

अमेरिकेत आयातशुल्कावरून चाललेला वाद कुठूनही सुरू झाला, तरी फिरून २००० सालापाशी येतो. त्या वर्षी तिथल्या संसदेने चीनला सामान्य व्यापारसंबंधांचा दर्जा कायमस्वरूपी दिला. २४ मे रोजी प्रतिनिधिगृहात विधेयक २३७ विरुद्ध १९७ मतांनी मंजूर झाले, सप्टेंबरात सिनेटमध्ये ८३ विरुद्ध १५ मतांनी, आणि १० ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांची सही होऊन त्याचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, पण प्रतिनिधिगृहात त्यांच्याच पक्षाच्या १३८ सदस्यांनी विरोधात मत दिले आणि ७३ जणांनी बाजूने. विधेयक तरले ते रिपब्लिकनांच्या १६४ मतांवर. आज शुल्कवाढीचा झेंडा ज्या पक्षाच्या हाती आहे, त्याच पक्षाची ही मते होती.

या निर्णयाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण चर्चेत ती हटकून निसटते. या कायद्याने चिनी मालावरचे अमेरिकी शुल्क एका टक्क्यानेही कमी केले नाही. १९८० पासूनच चिनी मालाला इतर देशांइतकेच शुल्क लागत होते. फक्त ही सवलत वर्षाच्या बोलीवर होती. दर वर्षी राष्ट्राध्यक्षांनी ती वाढवायची आणि संसदेला हवे तर तिने रोखायची, अशी १९७४ च्या कायद्यातली तरतूद होती. मुदत वाढली नसती तर चिनी मालाला १९३० च्या कायद्यातले दर लागले असते. म्हणजे सरासरी चार टक्क्यांच्या आसपासचे शुल्क एका दिवसात सदतीस टक्क्यांच्या घरात गेले असते.

१९८९ पर्यंत ही मुदतवाढ कुणाच्या नजरेत भरत नव्हती. त्या वर्षी बीजिंगच्या तिआनानमेन चौकात लोकशाहीवादी आंदोलन चिरडायला रणगाडे उतरल्यावर चित्र पालटले. पुढची काही वर्षे प्रतिनिधिगृहात सवलत काढून घेण्याच्या बाजूने मतदान होत राहिले. १९९२ मध्ये तर सवलतीला मानवी हक्कांच्या अटी जोडणारी विधेयके दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि राष्ट्राध्यक्षांना नकाराधिकार वापरून ती अडवावी लागली. सवलत प्रत्यक्षात एकदाही गेली नाही. पण ती जाणारच नाही, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हते.

कारखानदाराच्या हिशेबात हा फरक फार मोठा असतो. लाकडी पलंग बनवणाऱ्या एखाद्या कंपनीने आपले उत्पादन चीनमध्ये न्यायचे ठरवले, तर तिला तिथे जागा, यंत्रे, कारागीर आणि पुरवठादार उभे करावे लागतात. त्यात घातलेला पैसा वसूल व्हायला दहा-पंधरा वर्षे जातात. मधल्या एखाद्या उन्हाळ्यात संसदेने हात आखडता घेतला तर सगळाच बेत कोसळणार. म्हणून अनेक कंपन्या थोडे काम तिकडे देत आणि मुख्य कारखाना मायदेशी चालू ठेवत. २००० नंतर ही भीती उरली नाही. पुढे झालेल्या संशोधनात नेमके हेच दिसले. ज्या वस्तूंवर शुल्क सर्वांत जास्त उसळण्याचा धोका होता, त्याच वस्तूंच्या अमेरिकी कारखान्यांतले रोजगार नंतर सर्वांत जास्त घटले.

विधेयकाच्या समर्थकांचे म्हणणे असे होते, की अमेरिका यात काहीच गमावत नाही, सवलती एकट्या चीनकडून मिळत आहेत. मोटारींवरचे ८० ते १०० टक्क्यांचे चिनी शुल्क २५ टक्क्यांवर येणार होते आणि बँका, विमा, दूरसंचार ही क्षेत्रे खुली होणार होती. शुल्काच्या तक्त्यापुरते हे खरेच होते. कामगार संघटनांचा आक्षेप होता, की शुल्क बदलत नसले तरी दबावाचे एकमेव साधन हातचे जाते आणि ते गेले की कारखाने निघून जातील. त्या वेळी या आक्षेपाची आडमुठेपणा म्हणून वासलात लावली गेली. पुढे काय घडले ते पाहता, तो जास्त गांभीर्याने घ्यायला हवा होता.

११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. अमेरिकेतल्या कारखान्यांत १९७९ साली सुमारे १ कोटी ९५ लाख लोक कामाला होते, तो उच्चांक. पुढच्या वीस वर्षांत हा आकडा वर-खाली होत २००० साली १ कोटी ७३ लाखांच्या आसपास होता. २०१० च्या सुरुवातीला तो १ कोटी १५ लाखांवर आला होता. या घसरणीत दोन मंद्या आहेत, यंत्रांनी खाल्लेली कामे आहेत आणि आयातही आहे. सर्वांत जास्त उद्धृत होणारा अंदाज असा, की १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे २० ते २४ लाख रोजगार गेले. त्यातले सुमारे दहा लाख कारखान्यांतले आणि उरलेले त्यांच्यावर पोसलेल्या धंद्यांतले. सगळे काही चीनने नेले म्हणणारे आणि सगळे यंत्रांनी नेले म्हणणारे, दोघेही हा आकडा सोयीने वाचतात.

आकड्यापेक्षा त्याची वाटणी जास्त बोलकी आहे. नॉर्थ कॅरोलायनातले कॅनापोलिस हे चादरी आणि टॉवेल बनवणाऱ्या गिरणीभोवती वाढलेले गाव. ३० जुलै २००३ रोजी गिरणी बंद झाली आणि त्या परिसरातल्या चार हजारांहून अधिक लोकांचे काम एकाच दिवशी गेले. कंपनी आधीपासून कर्जात रुतलेली होती, २००० साली तिने एकदा दिवाळखोरीही जाहीर केली होती. तेव्हा सगळा दोष आयातीच्या माथी मारता येणार नाही. पण कामगारांमध्ये शालेय शिक्षणही पुरे न झालेले लोक मोठ्या संख्येने होते आणि त्याच सुमारास आसपासच्या कापड, होजियरी, फर्निचरच्या कारखान्यांतही कपात चालू होती. एक गिरणी सुटली की दुसरीत लागायचे, हा रस्ताच बंद झाला होता. पुढे गिरणी पाडून त्या जागी जैवतंत्रज्ञानाचे संशोधन संकुल उभे राहिले. तिथल्या नोकऱ्यांना पदव्या लागतात. माणसे दुसरीकडे जातील, दुसरे काम शिकतील, हे मुक्त व्यापाराच्या बाजूचे जुने गृहीतक अशा गावांत खरे ठरले नाही. लोक तिथेच राहिले, कमी पगारावर किंवा सरकारी मदतीवर.

याला उपाय कायद्यातच होता, आणि या सगळ्या इतिहासात खटकणारी गोष्ट तीच. चीनच्या प्रवेशाच्या अटींत बारा वर्षांसाठी एक खास संरक्षक कलम घातले होते. चिनी मालाची आयात एकदम वाढून देशी उद्योग कोलमडू लागला, तर माल पडेल भावाने विकला जातो हे सिद्ध न करताही तात्पुरते शुल्क लावता येत होते. तारेचे हँगर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांनी हे दार ठोठावले. धुलाईवाले इस्त्रीचे शर्ट ज्यावर टांगून देतात, ते हँगर. तपासणी करणाऱ्या आयोगाने कारखान्यांच्या बाजूने शिफारस केली. एप्रिल २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती फेटाळली. त्यांनी दिलेल्या कारणांत एक असे होते, की हँगर महागले तर हजारो लहान धुलाई दुकानांचा खर्च वाढेल. २००८ मध्ये पडेल भावाच्या विक्रीचे दुसरे कलम लावून शुल्क बसवले गेले, तोपर्यंत बहुतेक देशी कारखाने बंद पडले होते. या संरक्षक कलमाखालच्या अशा चार शिफारशी एकापाठोपाठ एक नाकारल्या गेल्या. कलम पहिल्यांदा वापरले गेले ते २००९ साली, चिनी टायरवर ३५ टक्के शुल्क लावून. २०१३ मध्ये त्याची मुदत संपली.

याआधीचा इतिहास थोडक्यात. अमेरिका वाढली ती उंच शुल्काच्या भिंतीआड. बाल्यावस्थेतल्या उद्योगांना आधार द्यावा, हा विचार तिथे १७९१ च्या सरकारी अहवालात आला. ब्रिटनने १८४६ मध्ये धान्यावरचे आयातकायदे रद्द केले, तेव्हाही अमेरिकेची भिंत उभीच होती. १९३० च्या शुल्कवाढीला हजारावर अर्थतज्ज्ञांनी लेखी विरोध केला होता. इतर देशांनी उलट शुल्क लावले आणि मंदीत व्यापार आणखी आटला. १९३४ पासून परस्पर सवलतींचे करार सुरू झाले आणि १९४७ मध्ये २३ देशांचा शुल्क आणि व्यापाराविषयीचा सर्वसाधारण करार (गॅट) झाला. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेला पाठवायच्या मोटारी वर्षाला १६ लाख ८० हजारांवर रोखण्याचे कबूल केले. मोटारी महागल्या, पण जपानी कंपन्यांनी ओहायो, टेनेसीमध्ये कारखानेही काढले. निर्बंधांमुळे कारखाना खरोखर आल्याचे हे उदाहरण आजही दिले जाते, आणि ते चुकीचे नाही.

२०१८ पासूनच्या शुल्कवाढीने तसे फळ दिल्याचे दिसत नाही. त्या वर्षी जानेवारीत धुलाई यंत्रांवर शुल्क बसले. यंत्रांच्या किमती सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. कपडे सुकवण्याच्या यंत्रांवर शुल्क नव्हते, तरी जोडीने विकली जात असल्यामुळे तीही महागली. नवे रोजगार आले सुमारे १,८००, आणि ग्राहकांवर पडलेला बोजा एका रोजगारामागे आठ लाख डॉलरांहून जास्त निघाला. पोलादावर २०१८ मध्ये २५ टक्के शुल्क लागले, जून २०२५ मध्ये ते ५० टक्के झाले. पण १९८० च्या सुमारास एक टन पोलादाला जवळपास दहा मनुष्यतास लागत, आता दोनच्या आसपास पुरतात. उत्पादन परत आले तरी त्याबरोबर पूर्वीइतके कामगार येत नाहीत. शिवाय पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांत पोलाद बनवणाऱ्यांच्या कितीतरी पट लोक काम करतात आणि वाढलेला भाव त्यांना भरावा लागतो.

२०१९ साली कारखान्यांतले रोजगार १ कोटी २८ लाखांच्या आसपास होते. २०२२ मध्ये चिप आणि हरित ऊर्जेसाठी मोठ्या अनुदानांचे कायदे झाले. आयातीमुळे काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना १९६२ पासून कमी-अधिक पैशांत चालू होती. तिची मुदत त्याच वर्षी संपली आणि १ जुलै २०२२ पासून नव्या कामगारगटांना त्या मदतीसाठी पात्र ठरवणे थांबले.