गुण पदार्थाला नव्हे, ताटाला

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकं काय खाऊ आणि काय बंद करू? उत्तरात एखाद्या पदार्थाचं नाव हवं असतं. संशोधकही बरीच वर्षं असंच नाव शोधत होते. 2000 साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांच्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणारे मांसल कोंब, काढून टाकले होते अशा लोकांना सुमारे तीन वर्षं रोज भरपूर गव्हाचा कोंडा दिला. पॉलिप पुन्हा उगवण्याचं प्रमाण काही घटलं नाही.

म्हणून कोंडा वाया गेला असं मी म्हणणार नाही. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. त्यापुढे तीन वर्षं थोडीच. शिवाय बाकीचं ताट होतं तसंच राहिलं होतं.

इथेच दृष्टी बदलली. एका विषयाचे गुण बघण्याऐवजी सगळ्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं, तसं संशोधक पूर्ण आहाराला गुण देऊ लागले: अख्खी धान्यं, भाज्या, फळं, कडधान्यं यांचे गुण वाढतात; साखर, मीठ आणि संपृक्त चरबी जास्त झाली की कमी होतात. अमेरिकेत 1995-96 मध्ये सुरू झालेल्या, सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत या मोजपट्टीवर सर्वात वरच्या गटातल्या पुरुषांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सर्वात खालच्या गटापेक्षा 28 टक्के कमी दिसला. स्त्रियांमध्ये 20 टक्के. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. नीट जेवणारी माणसं सिगारेटही कमी ओढतात, चालतातही जास्त. हिशेबात ते वजा केलं तरी थोडं उरतंच. आणि उत्तम ताट असलेल्यालाही हा आजार होतो. शौचातून रक्त पडत असेल तर मूळव्याध असेल असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. डॉक्टरांना दाखवाच.

आता आत डोकावू. लहान आतड्याला न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोचतो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा रक्तातल्या साखरेतून न घेता या आम्लातून घेतात! चोथा आलाच नाही तर त्यांचं मुख्य इंधन आटतं. उंदरांवरच्या प्रयोगात तर उपाशी जिवाणू अस्तरावरचा चिकट संरक्षक थरच खाऊ लागले. दुसऱ्या बाजूला, चरबी पचवायला जास्त पित्त सुटतं. त्याचा उरलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो आणि काही जिवाणू त्यापासून अस्तराला इजा करणारी आम्लं बनवतात. म्हणजे एकाच नळीत दोन कारखाने चालतात. कोणत्याला कच्चा माल जास्त मिळणार, ते पूर्ण जेवण ठरवतं.

प्रक्रिया केलेल्या मांसाचा पुरावा मात्र एकट्यानेही भक्कम आहे: रोज 50 ग्रॅममागे धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असा तिचा अर्थ नाही.

मला सर्वात भावलेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 20 आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातल्या 20 जणांनी दोन आठवडे एकमेकांचा आहार घेतला. सुरुवातीच्या तपासणीत जवळपास निम्म्या अमेरिकनांना पॉलिप होते, आफ्रिकनांत एकालाही नव्हता. अदलाबदलीनंतर अमेरिकनांच्या आतड्यातलं ब्युटिरेट सुमारे अडीच पट झालं आणि अस्तराची जळजळ उतरली. आफ्रिकनांचं ब्युटिरेट निम्म्यावर आलं आणि त्यांच्या अस्तराच्या पेशी पूर्वीपेक्षा वेगाने विभागू लागल्या.