बास्केटबॉल आणि बेसबॉल : नियमबदल व विशेषज्ञ खेळाडू

बास्केटबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ अमेरिकेत घडले आणि दोघांच्या नियमपुस्तकांत गेली सव्वाशे वर्षे खाडाखोड चालू आहे. बऱ्याचदा या खाडाखोडीमागे असा एखादा खेळाडू असतो, जो एकच गोष्ट इतकी चांगली करतो की बाकीच्यांचा खेळच खुंटतो. त्याला आवर घालायला नियम येतो आणि त्या नियमातली फट हेरून पुढचा विशेषज्ञ तयार होतो. मात्र या पाठशिवणीचा निकाल दोन खेळांत अगदी उलटा लागला. बास्केटबॉलमध्ये ठरावीक कामाचे खेळाडू हळूहळू एकमेकांसारखे होत गेले, तर बेसबॉलमध्ये एका माणसाचे काम चौघा-पाचांत वाटले गेले.

जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे तेरा नियम लिहिले आणि पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या. ती उंची आजही तीच आहे. बाकी फारच थोडे जसेच्या तसे उरले. पूर्वी फाउल कोणावरही होवो, संघातला एक नेमलेला नेमबाजच फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा, कोणी न अडवता टाकायचा नेम) घेऊ शकत असे. १९२३-२४ पासून ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच तो घ्यायचा असे ठरले आणि हा खास नेमबाज बेकार झाला. प्रत्येक बास्केटनंतर मैदानाच्या मधोमध चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू करण्याची पद्धत होती. त्यामुळे संघात एक उंच उडीवाला हाताशी असणे सोन्याहून पिवळे. १९३७ मध्ये ही पद्धत बंद झाली.

उंच माणसांचा बंदोबस्त हा या खेळाचा जुना छंद. जॉर्ज मायकन (सहा फूट दहा इंच) बास्केटखाली ठाण मांडून बसे, म्हणून १९५१ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने बास्केटसमोरचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद केला. पुढे विल्ट चेंबरलेनचा धाक इतका वाढला की १९६४ मध्ये तो सोळा फूट झाला. कोणत्याही आक्रमक खेळाडूला त्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. पट्टा रुंद करणे म्हणजे मायकन-चेंबरलेनला बास्केटपासून दूर लोटणेच होते.

मायकनविरुद्ध दुसरा उपाय प्रतिस्पर्ध्यांनीच शोधला होता : चेंडू त्याच्या हाती लागूच द्यायचा नाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सच्या खेळाडूंनी मिनिॲपोलिस लेकर्सच्या मैदानावर चेंडू नुसता धरून ठेवला. प्रेक्षक ओरडत राहिले, खेळाडू उभे राहिले. सामना १९-१८ असा पिस्टन्सने जिंकला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. शेवटच्या बारा मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले. एनबीएच्या इतिहासात एवढी कमी गुणांची लढत दुसरी नाही.

यावर तोड काढली ती सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोनी यांनी. त्यांचा मूळ धंदा बोलिंग ॲली चालवण्याचा. त्यांचा हिशेब किराणा दुकानदाराला शोभेल असा होता. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. भागिले १२० केले की २४. १९५४-५५ च्या हंगामापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकणे सक्तीचे झाले. दर संघाची सरासरी ७९.५ गुणांवरून ९३.१ वर गेली. त्याच हंगामाचे विजेतेपद बियासोनींच्याच संघाने पटकावले.

खरी उलथापालथ मात्र तीन गुणांच्या रेषेने केली (तिच्या बाहेरून साधलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण), आणि तीही फार उशिरा. एबीए या प्रतिस्पर्धी लीगने १९६७ पासून ती चालवली होती. एनबीएने १९७९ मध्ये उचलली. पहिल्या हंगामात एक संघ सामन्यामागे जेमतेम तीन वेळा तिथून प्रयत्न करी. प्रशिक्षकांना ती जत्रेतली नेमबाजी वाटे. आज हा आकडा पस्तिशी ओलांडून गेला आहे. कारण साधे अंकगणित आहे. रेषेबाहेरून शंभरात ३६ पडले तर १०८ गुण होतात. रेषेच्या पाऊलभर आतून शंभरात ४० पडले तरी हाती ८०च लागतात. हे गणित पहिल्या दिवसापासून तितकेच खरे होते, पण संघांना ते पचायला तीन दशके लागली. २००१ मध्ये झोन बचावाला (माणसाऐवजी जागा राखण्याला) परवानगी मिळाली आणि २००४ मध्ये चेंडू खेळवणाऱ्याला हाताने अडवण्यावर कडक बंधने आली. मग बाहेरच्या नेमबाजांना मोकळे रान मिळाले. २०१५-१६ मध्ये स्टीफन करीने एका हंगामात ४०२ तीनगुणी बास्केट केले.

सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती सेंटरची, म्हणजे मायकनच्या वारसदारांची. ब्रूक लोपेझ या सातफुटी सेंटरने पहिल्या आठ हंगामांत मिळून ३१ तीनगुणी प्रयत्न केले आणि त्यांतले तीन साधले. नवव्या हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्याने १३४ साधले. नोकरी टिकवायची तर मधल्या वयात नवी विद्या शिकावी लागते, एवढेच त्याने केले. आता सेंटर लांबून नेम धरतो, फॉरवर्ड चेंडू खेळवतो आणि गार्ड रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू) घेतो. जागांची नावे उरली ती बहुधा कागदावर.

बेसबॉलची रचना वेगळी आहे. बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडू बाहेर बसून पुन्हा आत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला त्या सामन्यापुरता संपला. तरीही कामाची वाटणी इथेच झाली, कारण प्रत्येक चेंडूनंतर खेळ थांबतो आणि विचार करायला सवड मिळते.

आरंभी पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, काम बॅटरला चेंडू वाढून देण्याचे होते. १८८७ पर्यंत बॅटर उंच की खालचा चेंडू हवा ते मागून घेई! १८९३ मध्ये बॅटरच्या जागेपासून पिचरचे अंतर साठ फूट सहा इंच (१८.४४ मी.) झाले, क्रिकेटच्या खेळपट्टीहून थोडे कमी. १९२० मध्ये चेंडूला थुंकी लावणे बंद झाले, फक्त ज्यांचे पोट त्यावरच चालते अशा १७ पिचरांना सूट मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रे चॅपमन या खेळाडूचा डोक्याला चेंडू लागून मृत्यू झाला. मळका चेंडू नीट दिसत नाही, म्हणून त्यानंतर असे चेंडू तत्परतेने बदलले जाऊ लागले. त्या हंगामात बेब रूथने ५४ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले. आदल्या वर्षी त्याचा आकडा २९ होता. १९६८ मध्ये पारडे पिचरांकडे झुकले (बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी १.१२ धावा दिल्या), तेव्हा पुढच्याच वर्षी माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० वर आणली गेली.

१९७३ मध्ये अमेरिकन लीगने (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक) पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा ‘डेझिग्नेटेड हिटर’ आणला. दुसऱ्या, नॅशनल लीगला हे शास्त्राला सोडून वाटले आणि हा दुजाभाव २०२२ पर्यंत टिकला. पिचरांची बॅटिंग बघणे हा शेवटी शेवटी एक विनोदच होता, पण तो खेळाचा भाग होता, असे म्हणणारे अजून आहेत. आयपीएलमध्ये २०२३ साली ‘इम्पॅक्ट प्लेअर’ आला तेव्हा आपल्याकडेही हाच वाद झाला. शिवम दुबेसारख्या अष्टपैलूला गोलंदाजीच मिळत नाही, अशी नाराजी खुद्द रोहित शर्माने बोलून दाखवली.

एक विशेषज्ञ तर खेळाच्या नियमाने नव्हे, नोंदवहीतल्या रकान्याने जन्माला घातला. आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ लिहिण्याची अधिकृत पद्धत १९६९ मध्ये सुरू झाली. तीन किंवा कमी धावांची आघाडी आणि शेवटची एक इनिंग, हा सेव्हचा सर्वांत रुळलेला हिशेब. १९८८ पासून ओकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला बहुतेक त्या मापातच वापरले आणि ‘क्लोजर’ ही पदवी रूढ झाली. त्याच्या आधीच्या इनिंगसाठी सेटअप पिचर, डावखुऱ्या एकाच बॅटरसाठी डावखुरा पिचर अशी उतरंड लागली. जुन्या जमान्यातल्या साय यंग या पिचरने कारकिर्दीत ७४९ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले होते. २०२२ च्या हंगामात तीसही संघांत मिळून असे ३६ झाले. पिचर बदलण्यातच संध्याकाळ सरू लागली, म्हणून २०२० पासून प्रत्येक पिचरने किमान तीन बॅटरांना सामोरे जावे किंवा इनिंगचा तो अर्धा संपवावा असा नियम आला. एका बॅटरसाठी येणारा डावखुरा त्या दिवशी संपला.

२०२३ मध्ये बेसबॉललाही घड्याळ लागले. बेसवर (धावताना वाटेत थांबण्याच्या ठिकाणी) कोणी नसेल तर पिचरला चेंडू टाकायला पंधरा सेकंद, असेल तर वीस (पुढच्या वर्षी अठरा). बेस पंधरा इंचांवरून अठरा इंचांचे झाले आणि क्षेत्ररक्षकांनी एकाच बाजूला गोळा होण्यावर बंदी आली. सरासरी सामना तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. चोरलेल्या बेसची (फटका न लागता धावून पुढचा बेस गाठण्याची) संख्या २,४८६ वरून ३,५०३ झाली.

वाटणीच्या या सगळ्या हिशेबात न बसणारा माणूस जपानमधून आला. शोहेई ओतानी पिचही करतो आणि बॅटही करतो. पूर्वी त्याला माउंडवरून उतरवले की डेझिग्नेटेड हिटरची जागाही जाई. २०२२ पासून सुरुवात करणारा पिचर बदलला गेला तरी बॅटिंगपुरता सामन्यात राहू शकतो. या दुरुस्तीला सगळे ‘ओतानी नियम’च म्हणतात.