५.९ कमिन्सचा ब्लॉक: पैसे मोजण्याआधी भिंत मोजा

जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन नव्याने बांधताना क्रँक, पिस्टन, पंप सगळं बदलता येतं. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, चुकला तर मात्र त्यावर बसवलेला प्रत्येक नवा भाग वाया जातो. कमिन्सच्या ५.९ लिटर, सहा सिलिंडर इंजिनाचंच बघा. १९८९पासून ते अमेरिकेत डॉज पिकअपमध्ये बसलं. भारतात हेच इंजिन, म्हणजे ६बीटी, टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवलं आणि ते टाटाच्या जड ट्रकांत धावलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) १२० मिमी.

या ब्लॉकला लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणारी बदलता येणारी नळी, नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या बिडात वर-खाली सरकतो. पुण्यात वर्षानुवर्षं बनलेल्या एनटी-८५५ या कमिन्सच्याच इंजिनाला वेट लाइनर (बाहेरून कूलंट खेळणारे) आहेत, त्यामुळे बोअर झिजला की लाइनर काढून नवा घालायचा. ६बीटीमध्ये झीज ब्लॉकचीच होते. स्टँडर्ड बोअर १०२.०० ते १०२.०४ मिमी असतो आणि सुमारे १०२.११ मिमीच्या पुढे गेला की बोअरिंगला पर्याय नाही. पिस्टन ०.५ आणि १.० मिमी ओव्हरसाइजचे मिळतात, म्हणजे लेथवाल्याच्या भाषेत वीस थाऊ आणि चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे बोअर मोठा कापून आत नवी नळी बसवणं. म्हणून विकणारा ‘स्टँडर्ड बोअर’ म्हणाला तरी बोअर गेजने स्वतः खात्री करा: वरच्या रिंगच्या पट्ट्यात, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने एकदा आणि तिला काटकोनात एकदा. आधीच चाळीस थाऊ झालेला ब्लॉक स्वस्तात मिळाला तरी तो पुढच्या खेपेचं स्लीव्हिंगचं बिल सोबत घेऊन येतो.

आता ‘५३’ची गोष्ट. १९९९ ते २००१ या काळातल्या अनेक २४-व्हॉल्व्ह डॉजमध्ये ब्राझीलच्या टुपी फाउंड्रीत ओतलेले ब्लॉक आले. त्यांच्या डाव्या अंगाला, पुढच्या टोकाकडे ५३ हा आकडा ठळक उठावात असतो. यांच्या वॉटर जॅकेटची (सिलिंडरभोवती कूलंट फिरणाऱ्या पोकळीची) बाहेरची भिंत पातळ आहे. चीर जाते ती बहुधा उजव्या बाजूला, फ्रीज प्लगच्या (ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या चकत्यांच्या) खालून आडवी. कूलंट बाहेर झिरपतो, ऑइल स्वच्छच राहतं, आणि म्हणून रेडिएटरमधलं पाणी कुठे जातंय हे बराच काळ कळत नाही.

भिंत पातळ का होते? जॅकेटची पोकळी वाळूच्या कोअरमुळे, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या ठोकळ्यामुळे, तयार होते. ओतताना कोअर एक मिलिमीटर सरकला तरी एक भिंत तेवढी जाड होते आणि समोरची तेवढीच पातळ. साधं बीड दाब उत्तम झेलतं, ताणात मात्र कच्चं असतं, कारण त्यातली ग्राफाइटची पापुद्र्यासारखी पत्रं आतल्या आत खाचांचं काम करतात. रोजचं तापणं-निवणं त्या खाचा हळूहळू जोडत नेतं. वेल्डिंगने भरवसा मिळत नाही: शिवणीलगतचं बीड झटकन निवून कडक आणि ठिसूळ होतं आणि शेजारीच नवी चीर निघते. एकमेकांत अडकणाऱ्या आट्यांच्या पिना मारून, ब्लॉक न तापवता केलेलं स्टिचिंग बरं. पण ते हाताशी असलेला ब्लॉक वाचवण्यासाठी. शिवलेला ब्लॉक मुद्दाम विकत घेऊ नये.

जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजता येते, पण एक ग्यानबाची मेख आहे. गेज बहुतेक वेळा स्टीलवर, म्हणजे ध्वनिवेग सेकंदाला ५९०० मीटर धरून लावलेलं असतं. बिडात तो ४६००च्या आसपास असतो. मग ४ मिमीची भिंत गेजवर ५.१ दिसते आणि आपण खूश होतो. त्याच ब्लॉकची एखादी उघडी कड कॅलिपरने मोजून गेज आधी त्यावर जुळवून घ्या.

बाकीची तपासणी ब्लॉक गरम टाकीत धुतल्यावरच. तेलकट थराखाली चीर दिसत नाही, आणि फक्त रंग मारून आलेल्या ब्लॉकवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. जॅकेट बंद करून गरम पाणी भरा आणि सुमारे ४० पीएसआय दाब द्या. गार ब्लॉकमध्ये मिटलेली चीर गरमीत उघडते. मेन कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या) त्याच ब्लॉकच्या आणि क्रमाने आहेत ना ते बघा. दुसऱ्या ब्लॉकची एक जरी कॅप आली तरी लाइन बोअरिंग, म्हणजे क्रँकची सगळी भोकं पुन्हा एका रेषेत कापणं, आलंच. कॅप १७६ न्यूटन-मीटरला आवळूनच मेन बोअर मोजायचा. ब्लॉकची हेड बसणारी फेस आधी किती कापली आहे तेही विचारा. एकूण अर्धा मिलिमीटर ही मर्यादा, आणि कापल्याच्या हिशेबाने जाड गॅस्केट लागतं, नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हच्या फार जवळ येतो.

होनिंग (बोअर शेवटी घासून गोल आणि गुळगुळीत करणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडच्या जागी बोल्टने बसवायची जाड प्लेट, आवळून करणारा लेथवाला शोधा. हेडचे बोल्ट ताणले की बोअर थोडा वाकडा होतो, आणि प्लेटशिवाय गोल केलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. मग रिंग नीट बसत नाहीत आणि ब्लो-बाय, म्हणजे रिंगांमधून जळका वायू खाली निसटणं, सुरू होतो.

जुना १२-व्हॉल्व्ह ब्लॉक मिळाला तर आम्ही तोच आधी मोजू. त्यात एक जुनी खोड असतेच: पुढच्या गिअर हाउसिंगला जागेवर बसवणारी डॉवेल पिन कंपनाने सैल होऊन टायमिंग गिअरमध्ये पडते. इंजिन उघडं असतानाच तिच्यावर बोल्टखाली एक पत्र्याची जीभ आवळून टाकावी. पत्र्याचा खर्च चहाइतका, आणि नंतर हेच करायचं तर टायमिंग कव्हर उतरवावं लागतं.