मैफलीतला उजेड: डोळ्यांना दिसते ते कानांना कसे बदलते

बंद सभागृहात ख्यालगायनाची मैफल सुरू होते, प्रेक्षागृहातले दिवे मालवले जातात आणि काही क्षणांत शेजारी बसलेला माणूसही धड दिसेनासा होतो. दृष्टिपटलावरच्या शंकुपेशींना अंधाराला सरावायला साधारण १० मिनिटे लागतात, तर अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना २० ते ३० मिनिटे. त्यातच समोरचा रंगमंच उजळलेला राहत असल्यामुळे डोळे अंधाराला पुरते सरावतच नाहीत. भिंती, छत आणि गर्दी नजरेआड होऊन लक्ष कलावंतावर खिळते ते यामुळे.

खिळलेली नजर ऐकण्यातही हस्तक्षेप करते. मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्स्कॉम्ब यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावरचा आघात श्रोत्यांना दाखवला, तेव्हा वादकाच्या हाताची हालचाल लांब असेल तर स्वरही जास्त वेळ टिकला असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात ध्वनीत तसा फरक नव्हता. आलापीत हवेत स्वराची वाट रेखणारा गायकाचा हात किंवा समेवर येताना तबलजीने केलेली मानेची हालचाल अंधारात राहिली, तर श्रोत्याच्या हातून ऐकण्याचाच एक धागा सुटतो.

रंगाचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. हॅलोजन दिव्याचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विनचा, म्हणजे तांबूस-पिवळ्याकडे झुकणारा असतो, आणि माणसाची त्वचा तांबडा प्रकाश अधिक परावर्तित करत असल्यामुळे अशा उजेडात चेहरा उबदार दिसतो. नुसत्या निळ्या झोतात तोच चेहरा काळवंडतो, ओठ तर जवळजवळ काळे दिसतात. रॉक संगीताच्या कार्यक्रमात ते खपून जाते, कारण तिथे धुरकट हवेतल्या सूक्ष्म थेंबांवर विखुरलेले झोतच बघायचे असतात; भैरवी गाणाऱ्या कलावंताचा चेहरा असा रंगवणे मला तरी औचित्याला सोडून वाटते.

प्रकाशाचा आणखी एक परिणाम थेट वाद्यांवर होतो. हॅलोजन दिव्याला दिलेल्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो आणि ती झोताबरोबर रंगमंचावर उतरते. तानपुऱ्याची तार तापली की प्रसरण पावते, तिचा ताण कमी होतो आणि स्वर उतरतो. याउलट तबल्याची पुडी उष्णतेने कोरडी होऊन ताणली जाते आणि तिचा स्वर चढतो. एकाच झोताखाली दोन वाद्ये विरुद्ध दिशांना सरकतात, म्हणूनच ग्रीनरूममध्ये नेटकी जुळवलेली वाद्ये रंगमंचावर आल्यावर थोड्या वेळाने पुन्हा जुळवावी लागतात. एलईडी दिव्याचीही उष्णता असते, पण ती मुख्यतः त्याच्या मागच्या धातूच्या पातळ पट्ट्यांतून बाहेर पडते आणि झोतात उष्णता वाहणारे अवरक्त किरण फारच थोडे असतात. वादकांची ही डोकेदुखी त्यामुळे बरीच कमी झाली आहे.

प्रेक्षागृह पूर्ण काळोखात बुडवण्याची पद्धत मात्र आपल्या बैठकीची नाही. युरोपात तिच्या प्रसाराशी जर्मन ऑपेराकार रिचर्ड वाग्नरचे नाव जोडले जाते. १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइट इथे उघडलेल्या आपल्या नाट्यगृहात त्याने श्रोत्यांना अंधारात बसवले. ऑपेराला ते मानवते, पण ख्यालगायकाला समोरच्या माणसाची दाद दिसावी लागते. डोळ्यांवर तीव्र झोत असला की तो प्रकाश डोळ्यांच्या आतच विखुरतो आणि समोरच्या रांगा काळ्या पडद्यासारख्या सपाट होतात. त्यावर उपाय म्हणून झोत समोरून न टाकता बाजूंनी आणि सुमारे ४५ अंशांच्या उंचीवरून टाकतात, शिवाय पहिल्या काही रांगांवरचे दिवे मंद तेवत ठेवतात. गायक गादीवर मांडी घालून, मान किंचित खाली झुकवून बसलेला असल्यामुळे कोन याहून उभा केला तर डोळ्यांच्या खोबणीत सावल्या साचतात. तेव्हा खालच्या बाजूने एक सौम्य दिवा जोडून त्या सावल्या भरून काढाव्या लागतात.