सिस्टर ते मेजर जनरल : एका वाटेची पार्श्वभूमी

बेळगावात फौज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कॅम्पातला मिलिटरी महादेव, मराठा सेंटरच्या मैदानावरची पहाटेची परेड हे सगळं अंगवळणी पडलेलं. खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत भिंतीवर पलटणीचा ग्रुप फोटो असतो. त्यात सगळे पुरुष. मुलगी फौजेत लागली म्हटलं की मात्र पहिला प्रश्न येतो, ‘नर्स म्हणून होय?’ ती लेफ्टनंट म्हणून रुजू होते, म्हणजे पहिल्या दिवसापासून अधिकारी असते, हे सांगितलं तरी लवकर पटत नाही. मला हे फार लागतं, कारण खांद्यावरचे ते तारे मिळवायला फौजेच्या या परिचारिका सेवेला, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला, अर्धशतकाहून जास्त काळ लागला.

२८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबईत उतरल्या. लष्करी रुग्णालयांतल्या शुश्रूषेची घडी बसवणं हे त्यांचं काम, आणि ते मुख्यतः गोऱ्या सैनिकांसाठी. १८९३ मध्ये या सेवेला इंडियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस हे नाव मिळालं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा कुठे इथल्या परिचारिकांची भरती सुरू झाली. १ ऑक्टोबर १९२६ रोजी भारतीय परिचारिकांची कायम सेवा उभी राहिली. आजही स्थापना दिवस याच तारखेला असतो. अधिकारीपदाची कायदेशीर चौकट आली ती १९४३ च्या वटहुकमाने. ऐन महायुद्धात निघालेला तो वटहुकूम स्वातंत्र्यानंतरही लागू राहिला. त्यात या सेवेला ‘सहायक दल’ म्हटलं आहे, आणि पुढचे बरेच वाद त्या शब्दांभोवतीच फिरले.

तरीही वरचा जिना होता. लेफ्टनंट वॉर्डात नर्सिंग असिस्टंट जवानांकडून काम करून घेते. मेजर, लेफ्टनंट कर्नल होईपर्यंत ड्युटी, जंतुसंसर्गावरचं नियंत्रण, नव्यांचं शिक्षण असा पसारा तिच्या अंगावर येतो. मोठ्या रुग्णालयाच्या प्रिन्सिपल मेट्रनच्या हाताखाली तर शुश्रूषेची सगळी यंत्रणाच असते. १९७६ मध्ये गर्ट्रूड अ‍ॅलिस राम या सेवेतून मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला. वैद्यकीय सेवांबाहेरच्या शाखांत बायकांना अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला तो १९९२ मध्ये, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. पहिली महिला जनरल परिचारिका होती, हे आपल्या शाळांतून का सांगत नाहीत?

पण त्यानंतरच्याच वर्षी, १९७७ मध्ये, एक आदेश निघाला. लग्न केलं म्हणून परिचारिका अधिकाऱ्याला नोकरीतून काढता येईल, असं त्यात होतं. तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. १९८८ मध्ये त्यापायी नोकरी गेलेल्या एका लेफ्टनंटला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई दिली आणि असा नियम मनमानी असल्याचं स्पष्ट सांगितलं. छत्तीस वर्षं! आमच्याकडे ‘फौजेतली नर्स, तिचं लग्न कसं व्हायचं’ ही काळजी आया अजून बोलून दाखवतात. त्या भीतीमागे एक खरा नियम होता. तो केव्हाच गेला, भीती तेवढी उरली.

एक धागा तर आपल्या अगदी जवळचा. १९४३ च्या वटहुकमाने ही अधिकारीपदं फक्त स्त्रियांना ठेवली. सीमाभागातला मुलगा नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती होऊ शकत होता, पण बी.एस्सी. नर्सिंग करूनही नर्सिंग ऑफिसर नाही. याविरुद्धची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे चालली, आणि जानेवारी २०२३ मध्ये ती स्त्रियांपुरती अट घटनाबाह्य ठरली.

मुलींसाठी नेहमीची वाट चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगची. सैन्यदलांच्या सहा संस्थांत मिळून २२० जागा, त्यातल्या बेळगावला जवळच्या पुणे आणि बंगळूर, म्हणजे एकाच हमरस्त्याची दोन टोकं. त्यासाठीची ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. पण पुढे सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची वेगळी चाचणी असते, मग मुलाखत. खानापूरच्या मराठी शाळेतली हुशार पोर अडते ती इथे. तिला जीवशास्त्राची शिकवणी कुणीही लावून देईल. इंग्रजीची तयारी मात्र आठवीपासून सुरू करायला हवी.