ठेक्यावर चालण्याचा व्यायाम : पार्किन्सनचे पेशंट आणि घरच्यांसाठी

पार्किन्सनमध्ये पायांतली ताकद पुष्कळदा टिकून असते; बिघडतो तो पावलांचा ठेका. मेंदूत डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) कमी पडलं की ‘आता पाऊल उचल’ ही आतली सूचना वेळेवर येत नाही. तीच कानावाटे बाहेरून दिली, की अडलेलं पाऊल बऱ्याचदा सुटतं. आजार याने बरा होत नाही आणि गोळ्याही बंद करायच्या नाहीत, हे आधीच सांगतो.

पहिल्या दिवशी फक्त मोजणी. नेहमीच्या चालीत 30 सेकंदांत 46 पावलं पडली, तर मिनिटाची 92. मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं ॲप, 92 वर लावायचा. आधी खुर्चीत बसून दोन मिनिटं टाचा आपटायच्या, मग आधार धरून उभ्याने वजन डावीकडे-उजवीकडे, आणि नंतरच चालायचं. टाच आधी टेकवायची. पाच मिनिटं चाल, दोन मिनिटं बसणं, असं तीनदा.

आठवड्याने पावलं लांब पडत असली तरच ठेका 5 टक्के वाढवतो : 92 चा 97. घरची मंडळी हौसेने एकदम 110 करतात. मग पावलं आखूड होतात, अंग पुढे झुकतं आणि माणूस तोल सावरायला पळत सुटतो. असं दिसलं की बसवा, ठेका उतरवा. ज्यांचे पाय चालताना मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे अडतात, त्यांचा ठेका आम्ही नेहमीच्या चालीहून 10 टक्के कमीच ठेवतो.

गाणं लावलं तर? ठोका स्पष्ट हवा. केरवा तालातलं सरळ भजन उत्तम. पण दिंडीतल्यासारखी लय चढत जाणारं नको, पाय तिच्यामागे धावतात.

पाय चिकटतात ते बाथरूमच्या उंबरठ्याशी, लिफ्टच्या दारात, चिंचोळ्या स्वयंपाकघरात वळताना. हात धरून ओढू नका. थांबू द्या, ताठ उभं राहू द्या, वजन एका पायावर घेऊन ‘एक, दोन, तीन’ म्हणत दुसरा पाय लांब टाकायला सांगा. जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल वळा. रस्त्यावर आणि स्टेशनवर इअरफोन अजिबात नको. तिथे आकडे मनात मोजा.

व्यायाम गोळीचा असर चढल्यावरच. बहुतेकांना तासाभराने चढतो. उठताना चक्कर येत असेल किंवा अलीकडे पडला असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे व्यायामाला येताना मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद, आणि सोबत घरचं एक माणूस.